आधी प्रेक्षक, मग दादासाहेब

कान्हे स्टेशनवरून लोणावळ्याकडे जाणारी लोकल पकडा. पुढे कामशेत, मग मळवली, मग लोणावळा. कॉलेजसाठी म्हणा, पावसाळी भटकंतीसाठी म्हणा, हा प्रवास तुम्ही कितीदा तरी केला असेल. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी याच पट्ट्यात तिशी ओलांडलेला एक माणूस शाईने हात काळे करत होता. मळवलीजवळ राजा रविवर्म्यांच्या देवदेवतांच्या चित्रांचा प्रेस होता आणि त्या प्रेससाठी हा माणूस लोणावळ्यात फोटोलिथोचं काम करायचा. १९०८ मध्ये त्याने लोणावळ्यातच स्वतःचा छापखाना काढला. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके.

हो, तेच दादासाहेब. स्पर्धा परीक्षेत हमखास येणारे. पहिला पूर्ण लांबीचा भारतीय चित्रपट? राजा हरिश्चंद्र, १९१३. झाला प्रश्न, मिळाले मार्क. पण त्या एका ओळीत एक गोष्ट राहूनच जाते. हा माणूस आधी सिनेमाचा पक्का वेडा प्रेक्षक होता. परदेशी सिनेमे बघून बघून तो सिनेमावाला झाला.

सुरुवातीपासून बघूया. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. धुंडिराज मात्र चित्रांकडे ओढला गेला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला, मग बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग, जे दिसेल ते शिकून घ्यायचं. गोध्र्यात फोटो स्टुडिओ थाटला. तिथे प्लेगच्या साथीत पहिली बायको आणि मूल, दोघंही गेली. पुढे दुसरं लग्न झालं, पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली. स्वदेशीचं वारं सुरू झाल्यावर ती सरकारी नोकरीही सोडली. लोणावळ्याचा छापखाना त्यानंतरचा. तो वर्षभरात मुंबईत दादरला हलला, रंगीत छपाईची यंत्रं आणायला फाळके जर्मनीला जाऊन आले, धंदा नावारूपाला आला. आणि मग भागीदारांशी बिनसलं. वय चाळीस, हातात काम नाही, घरात मुलंबाळं. तुमच्या ओळखीत असं कोणी असतं तर नातेवाइकांनी काय काय ऐकवलं असतं, विचार करा!

अशा वेळी, १९११ च्या ईस्टरच्या सुमारास, फाळके मुंबईत मुलाला घेऊन तंबूतला सिनेमा बघायला गेले. नंतर बघितला येशूच्या जीवनावरचा सिनेमा. पडद्यावर येशू चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण दिसायला लागले. आपले देव पडद्यावर कधी येणार, हा प्रश्न त्यांना सोडेना. पुढच्या खेळाला ते पत्नीला, सरस्वतीबाईंना, घेऊन गेले. चित्रं हलतात कशी, असं तिने विचारल्यावर तिला थेट प्रोजेक्टर दाखवला.

त्यानंतर जे झालं त्याला आपण आज बिंज-वॉचिंग म्हणू. मुंबईत लागेल तो सिनेमा. रोज चार-पाच तास. एक छोटा कॅमेरा आणि रिळं विकत आणून घरीसुद्धा खेळ सुरू! मेणबत्तीचा उजेड भिंगातून सोडायचा आणि भिंतीवर चित्रं पाडायची. सगळं बघायचं ते हे कसं केलं असेल, हे शोधत. जागरणं आणि ताण इतका झाला की काही काळ त्यांना दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली, आणि स्वारी पुन्हा थिएटरात.

गंमत म्हणजे हॉलिवूडमधला पहिला स्टुडिओ सुरू झाला तोही १९११ मध्येच, ऑक्टोबरात. म्हणजे ज्या हॉलिवूडला आपण सिनेमाची पंढरी समजतो, ते आणि आपले फाळके एकाच वर्षी कामाला लागले होते.

१९१२ च्या फेब्रुवारीत विम्याची पॉलिसी गहाण ठेवून फाळके लंडनला गेले. तिथे ओळखीचं कोणी नाही. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या कचेरीत शिरून त्यांनी संपादकांना गाठलं. संपादकांनी आधी या भानगडीत न पडण्याचा सल्ला दिला, पण माणूस हटत नाही म्हटल्यावर निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी ओळख करून दिली. स्टुडिओ बघून, कॅमेरा ठरवून फाळके एप्रिलमध्ये परत आले.

पैसे मात्र कोणी देईना. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं शूटिंग करून त्याचा वेल वाढतानाची छोटी फिल्म केली. ती दाखवल्यावर लोकांना खात्री पटली. तरी कमी पडलं तेव्हा सरस्वतीबाईंनी दागिने दिले. त्या अंधारात बसून फिल्मला भोकं पाडायच्या, फिल्म धुवायच्या, शिवाय अख्ख्या युनिटचं जेवण बघायच्या. कोणतीही बाई पडद्यावर यायला तयार नव्हती, म्हणून तारामतीचं काम अण्णा साळुंके या हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या तरुणाने केलं. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि गर्दी लोटली.

पुढे नाशिक, ‘लंकादहन’, ‘कालिया मर्दन’, शंभराच्या आसपास चित्रपट. त्यानंतर बोलपट आले आणि फाळके मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले, तेव्हा सिनेसृष्टी त्यांना जवळपास विसरली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये. तोवर फाळक्यांच्या बहुतेक चित्रपटांची रिळं नष्ट झाली होती. ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच उरला. तो जपला पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, ज्याची स्थापना १९६४ सालची. तुमच्या लोकलच्या दुसऱ्या टोकाचं पुणे!

आता तुमच्यासाठी एक होमवर्क. चॅप्लिनचा ‘द किड’ (१९२१) किंवा बस्टर कीटनचा ‘द जनरल’ (१९२६) लावा. दोन्ही मूकपट आहेत, इंग्रजी कच्चं असलं तरी चालतं. आधी मजा म्हणून बघा, फोन बाजूला ठेवून. मग पुन्हा लावा आणि कॅमेरा कुठे ठेवला असेल, हा स्टंट कसा जमवला असेल, ते शोधा. एकटं बघण्यापेक्षा चारजण जमा, कॉलेजचा प्रोजेक्टर मागून घ्या. जानेवारीच्या आसपास पुण्यात फिल्म फेस्टिव्हल असेल तर एक दिवस तरी जा. आणि शेवटी ‘कालिया मर्दन’ शोधून काढा. त्यातला खोडकर कृष्ण म्हणजे फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी आहे. १९१९ सालची ही पोर आजही हसवते की नाही, ते बघूनच ठरवा.