शाहीर अमर शेख : डफाच्या थापेवर सरकारला जाब विचारणारा मुसलमान

शाहीर म्हटलं की फेटा, डफ आणि पोवाडा आपल्या डोळ्यांसमोर येतो. पण मराठी शाहिरीतला एक सगळ्यात बुलंद आवाज मुसलमान गिरणी कामगाराचा होता, हे आपल्या किती घरांत मुलांना सांगितलं जातं? म्हणून आज आम्ही मरहूम शाहीर अमर शेख यांची आठवण काढत आहोत.

त्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा, बार्शीचा. बार्शी आम्हा बीडकरांना काही परकी नाही. घरात गरिबी होती. आई मुनेरबी यांच्या तोंडची मराठी लोकगीतं ऐकत पोरगा वाढला. मोटारीवर क्लीनर झाला, मग गिरणीत लागला. कामगारांच्या संपात उतरला आणि विसापूरच्या तुरुंगात गेला. पुढे कोल्हापूरला सिनेमाच्या स्टुडिओत काम केलं आणि मेहबूबचे अमर शेख झाले.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. एक मातंग समाजाचा, एक मुसलमान, पण डफ एकच! ना थिएटर, ना तिकीट. चाळीचं पटांगण, गिरणीचा दरवाजा, गावचा चौक हेच त्यांचं स्टेज. महागाई, सावकारी, मालकांची मनमानी हे सगळं गाण्यातून आणि तमाशातून लोकांपुढे यायचं. ज्याला वाचता येत नव्हतं, त्यालाही ते कळायचं. सरकारला नेमकं तेच खुपलं. मुंबई सरकारने बंदी आणली, तेव्हा या मंडळींनी तमाशाचं रूप पालटलं आणि लोकनाट्य म्हणून तो पुन्हा लोकांत नेला.

मग आला संयुक्त महाराष्ट्राचा लढा. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ पोलिसांच्या गोळीबारात १५ माणसं गेली. तेव्हा मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. त्या दहशतीच्या दिवसांत अमर शेख मैदानं गाजवत होते. अण्णाभाऊंची 'माझी मैना' त्यांच्या पहाडी आवाजात घराघरांत पोचली.

यात आपल्या बीडचा काय संबंध? आपला जिल्हा आधी निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्यासह मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. आज आपण ज्या राज्याचे म्हणवतो, ते मिळवण्यासाठी हा माणूस गात होता.

'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह. कवयित्री मलिका अमर शेख या त्यांच्या कन्या. २९ ऑगस्ट १९६९ ला मोटार अपघातात त्यांचं निधन झालं. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे.

मराठी कोणाची, महाराष्ट्र कोणाचा, असा सवाल कधी आपल्या मुलांना कोणी केला, तर त्यांनी मान खाली घालू नये. बार्शीच्या मुनेरबीच्या पोराचं नाव सांगावं. पण त्यासाठी ते नाव आधी आपण त्यांना सांगायला हवं.