ताराबाईंचा सवाल

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. पण वर्तमानपत्रांना विषयच मिळाला! तिच्या निमित्तानं समस्त बायकाच चंचल, कपटी ठरल्या.

बुलढाण्यात ताराबाई शिंदे हे वाचत होत्या. शिक्षण घरीच, वडिलांकडून. १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. बायकांवर चिकटवलेला एकेक दुर्गुण घेतला आणि विचारलं, हा पुरुषांत नाही का? तेही चुलीपुढच्या फटकळ बोलीत. विधवेला फसवून नामानिराळा राहणाराही सुटला नाही. (आजही बातमीत तो कुठे असतो?)

टीका झालीच. जोतीराव फुले मात्र पाठीशी राहिले. ताराबाईंचं दुसरं पुस्तक मिळत नाही. हेही विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं, तेव्हा त्या आपल्याला भेटल्या.