मॅक्स डेलब्रुक आणि जिवाणूंचा जुगार

पॉयसन डिस्ट्रिब्युशन आपण सगळ्यांनीच घोकलंय आणि पेपर संपताच विसरलोय. त्याच गणिताने जिवाणूंच्या पोटात डोकावलेल्या माणसाबद्दल मला सांगायचंय.

मॅक्स डेलब्रुक १९०६ साली बर्लिनमध्ये जन्मले. आधी खगोलशास्त्र, मग भौतिकशास्त्र. १९३२ मध्ये कोपनहेगनला नील्स बोर यांचं व्याख्यान ऐकलं आणि ओढा जीवशास्त्राकडे वळला. १९३७ मध्ये ते फेलोशिपवर अमेरिकेत गेले आणि तिकडेच राहिले. घरचे मात्र जर्मनीतच होते. भाऊ युस्टुस आणि मेहुणे क्लाउस बोनहोफर हिटलरविरोधी म्हणून पकडले गेले. १९४५ मध्ये क्लाउसना गोळ्या घातल्या गेल्या. भाऊ त्याच वर्षी सोव्हिएत छावणीत वारला.

त्याच १९४५ मध्ये डेलब्रुक यांचा एक निबंध छापून आला. तेव्हा ते नॅशव्हिलला फिजिक्स शिकवत होते! फाज नावाचा विषाणू जिवाणूत शिरतो, आत वाढतो आणि शेवटी जिवाणू फोडून त्याची पिल्लं बाहेर पडतात. लागण झालेले जिवाणू त्यांनी इतके पातळ केले, की बहुतेक नळ्यांत एकही नाही, काहींत एखादाच. इथे पॉयसन कामाला आला. मग नळीनळीतली पिल्लं मोजली. जिवाणू एकाच वाणाचे, खाणं तेच, तापमान तेच. तरी कुठे मोजकी पिल्लं, तर कुठे शेकडो. जिवाणू लहानमोठे असतात म्हणावं, तर तो फरक एवढा नव्हता. स्वतःची संख्या वाढवणारी रिॲक्शन थोड्याच रेणूंपासून सुरू झाली, तर सुरुवातीचा योगायोग पुढे किती फुगतो, याचं गणित त्यांनी १९४० मध्येच मांडलं होतं.

आपल्या सोलापुरात जॅकार्डला एकच कार्डं लावली, की चादरींवर एकच नक्षी येते. जिवाणूत जनुकांची कार्डं तीच, पण आतले काही रेणू इतके कमी, की नशिबालाही वाव राहतो. २००२ मध्ये एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी दोन रंगांत चमकणारी प्रथिने वापरून हे प्रत्यक्ष दाखवलं.

यात आपलं काय? १९४४ मध्ये जोसेफ बिगर यांना पेनिसिलिनमधूनही तगलेले थोडे जिवाणू सापडले. त्यांची पुढची पिढी मात्र त्याच औषधाने मरत होती. म्हणजे गुण वारशाने आलेला नव्हता. असे सुस्त पडून तगणारे जिवाणू, हे टीबीची औषधं महिनोन् महिने घ्यावी लागण्याचं एक कारण आहे. (बरं वाटताच गोळ्या कपाटात टाकणाऱ्या होस्टेलमधल्या महाभागांनी वाचावं!)

डेलब्रुक यांना १९६९ मध्ये लुरिया आणि हर्शी यांच्यासोबत नोबेल मिळालं. तोवर ते फाज सोडून एका बुरशीच्या मागे लागले होते, ती उजेडाकडे कशी वाकते हे पाहायला. १९८१ मध्ये ते वारले.