लेकराच्या दारी शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

माय सावित्रीने १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा चालवली, हे आपल्या वस्तीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. परंतु शाळेत नाव घालण्याच्या आधीची जी तीन-चार वर्षे असतात, ज्या वयात लेकरू आईच्या पदराला धरून असतं नाहीतर धुळीत लोळत असतं, त्या वयासाठी ज्या बाईने जन्म वेचला तिचं नाव आपल्याकडे फारसं निघत नाही. त्या बाईचं नाव ताराबाई मोडक. बारावी झालेली आपली एखादी लेक अंगणवाडीत लागते म्हणाली की घरातले नाक मुरडतात, पोरं सांभाळायलाच का एवढं शिकली असं ऐकवतात. अशा घरांनी हे चरित्र जरूर वाचावं, म्हणून आम्ही हा प्रपंच केला आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव केळकर. घर प्रार्थनासमाजी विचाराचं, म्हणजे जुन्या रूढी मोडायला निघालेल्या लोकांत उठबस असलेलं. असं घर मिळालं म्हणून मुलीला शिकता आलं, नाहीतर त्या काळी कोण शिकवतो? १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठातून बी. ए. झाल्या. बाई ग्रॅज्युएट झाली की लोक वळून बघायचे असे ते दिवस. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी लग्न झालं. मोठं घर, मोठा गोतावळा, वकिलाचं नाव. पण तो संसार टिकला नाही. १९२१ साली नवरा-बायको वेगळे झाले आणि ताराबाई तान्ह्या मुलीला घेऊन बाहेर पडल्या. कोणाचं किती चुकलं याचा न्याय शंभर वर्षांनी आपण करण्यात अर्थ नाही. आज २०-२२ वर्षांची पोरगी लेकरू कडेवर घेऊन माहेरी आली तर गल्लीत काय काय बोललं जातं, हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा १९२१ साली काय बोललं गेलं असेल, याचा वाचकांनी अंदाज करावा.

पदरात डिग्री होती म्हणून बाई उभ्या राहिल्या. राजकोटला शिक्षिका तयार करणारं स्त्रियांचं ट्रेनिंग कॉलेज होतं, तिथं त्या प्रिन्सिपॉल झाल्या. मानाची जागा, चांगला पगार. आमच्यासारख्या गिरणीत पाळ्या करणाऱ्या माणसाला विचाराल तर आम्ही म्हणू, आता सुखाने बसावं आणि पेन्शनीपर्यंत हलू नये.

पण घरात लेक वाढत होती. हिला शिकवायचं कसं, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला. दुसऱ्यांच्या शिक्षिकांना शिकवणाऱ्या बाईला स्वतःच्या लेकरासाठी धड शाळा सापडेना. त्या वेळची शाळा म्हणजे छडी, घोकंपट्टी आणि हाताची घडी. त्यातच भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या कामाची माहिती त्यांना मिळाली.

गिजुभाईंबद्दल इथं दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. हे मूळचे वकील. मुलगा झाल्यावर त्याला कसं वाढवावं याचा शोध घेता घेता इटलीच्या मारिया माँटेसरी यांची पुस्तकं त्यांच्या वाचनात आली, आणि माणूस वकिली सोडून लेकरांत जाऊन बसला. १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढलं. गुजरातेत लोक त्यांना मिशावाली आई म्हणू लागले. म्हणजे बघा, दोघांनाही या वाटेला लावलं ते स्वतःच्या घरातल्या लेकराने. कुणी मोठा ग्रंथ वाचून समाजकार्याला निघालं असं झालेलं नाही. आपल्या एका लेकरासाठी शोध सुरू झाला, मग शेजारची लेकरं दिसली, मग गावाची.

१९२३ साली ताराबाई प्रिन्सिपॉलची खुर्ची सोडून भावनगरला गेल्या. आधी त्या मोठ्या बायकांना शिकवत होत्या, आता अडीच-तीन वर्षांच्या पोरांपुढं मांडी घालून बसल्या. लोकांना ही पायरी उतरल्यासारखी वाटली असेल. आमच्या मते बाई एक पायरी चढल्या, कारण मोठ्या माणसाला शिकवताना चूक झाली तर तो पुन्हा विचारतो, लहान लेकरू विचारत नाही, ते मुकाट्याने मनात घेऊन बसतं. नऊ वर्षे त्या तिथं राहिल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पोरांना मारायचं नाही, भीती घालायची नाही, हात-पाय-डोळे-कान यांना काम द्यायचं, गाणी-गोष्टी सांगायच्या, लेकरू आपणहून शिकतं. आज हे साधं वाटतं. त्या काळी मास्तराच्या हातातून छडी काढून घेणं म्हणजे पोलिसाकडून दंडुका काढून घेण्यासारखं होतं.

पुढे त्या मुंबईस आल्या आणि १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाला. ही तीच हिंदू कॉलनी, जिथं परमपूज्य बाबासाहेबांचं राजगृह आहे. शिशुविहारात बालशिक्षिका तयार करण्याचं कामही होऊ लागलं. पण एक गोष्ट आम्ही स्पष्ट लिहितो. दादरचं ते काम मुख्यतः शिकल्यासवरल्या पांढरपेशा घरांसाठी होतं. माँटेसरीचं लाकडी साहित्यही महाग. थोड्याच अंतरावर परळ-लालबागच्या चाळींत गिरणी कामगारांची लेकरं जिन्यात खेळत होती, त्यांच्यापर्यंत ते साहित्य कुठून पोचणार? ताराबाई तिथंच थांबल्या असत्या तर त्यांचं चरित्र या स्मरणिकेत लिहिण्याचं कारण उरलं नसतं.

त्या थांबल्या नाहीत. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. (त्या साली आपला मराठवाडा अजून निजामाच्या राज्यात होता, हेही ध्यानात ठेवावं.) सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई म्हणजे लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेली तेरा वर्षांची पोर, जी पुढे रडत न बसता शिकली आणि शिक्षिका झाली. एक नवऱ्यापासून वेगळी झालेली, दुसरी बालविधवा. समाजाने ज्यांना अपशकुनी म्हणून बाजूला सारलं असतं, अशा दोन बायांनी मिळून हे काम उभं केलं.

बोर्डीला आल्यावर बाईंची खरी परीक्षा झाली. शाळेच्या वेळात मध्यवर्ती बालवाडी भरवली, तर गरिबाची पोरं येईनात. का येईनात? ज्याला हातावर पोट काय असतं ते माहीत आहे त्याला हे सांगायला नको. आई-बाप सकाळी मजुरीला गेले की सात-आठ वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन घर राखते. पोरगा ढोरामागं जातो. कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या आष्टी-परतूरच्या शिवारात याहून वेगळं काय दिसतं? अशा वेळी दुसरा कोणी म्हणाला असता, या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही. ताराबाईंनी तसं म्हटलं नाही. लेकरू शाळेत येत नाही ना, मग शाळाच लेकराकडे न्यायची. अस्पृश्य वस्तीत, आदिवासी पाड्यावर, कोणाच्या तरी अंगणात, लेकरांना सोयीची असेल त्या वेळेला शाळा बसू लागली. आधी हात-पाय धुवायचे, नखं काढायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साहित्याऐवजी खडे, शंख-शिंपले, बिया, पानं, माती. मोजायला शिकायचं तर चिंचोके पुरतात, त्याला इटलीहून मणी आणायची गरज नाही. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. हा शब्द तिथून निघाला.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं वारली आदिवासींची वस्ती. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, त्याला विकासवाडी म्हणत. धाकट्याला पाळणाघरात ठेवलं की थोरली मोकळी, ती शेजारीच वर्गात बसली. किती साधी युक्ती! आणि जी पोरं गुरांमागं रानात जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा. गुरं चरतायत, पोरं झाडाखाली शिकतायत, शिक्षक त्यांच्याबरोबर रानात. आपल्याकडून दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जातात, लेकरं फडावर कोपीत राहतात, तेव्हा आम्हांला ही कुरणशाळा हटकून आठवते.

१९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यांच्यामागे अनुताईंनी कोसबाडचं काम १९९२ साली स्वतःचे डोळे मिटेपर्यंत ओढलं. ताराबाई गेल्यावर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव गेला. आष्टीतल्या ज्या अंगणवाडीत आपली नातवंडं खिचडी खातात, गाणी म्हणतात, तिची पाळंमुळं बोर्डीच्या त्या अंगणात आहेत.

फक्त एक गोष्ट सरकारने सोयीस्कर केली. काम दिवसभराचं घेतलं आणि पैशाला पगार न म्हणता मानधन म्हटलं. आम्हां कामगारांना या दोन शब्दांतला फरक चांगला कळतो. लेकरांचं वजन, पोषण आहार, लसीकरणाला आया जमवणं, रजिस्टरं, मोबाईलवरच्या नोंदी, आणि त्यातून वेळ उरला तर गाणी-गोष्टी. हक्कासाठी सेविका-मदतनीस बायांना रस्त्यावर उतरावं लागलं, महाराष्ट्रात २०२३ च्या डिसेंबरात मोठा संपही झाला. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या अंगणवाडी बायांच्या खटल्यात निकाल दिला की यांनाही ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. ज्यांच्या घरात सेविका किंवा मदतनीस आहे त्यांनी हा निकाल माहीत करून घ्यावा, आणि लागल्याची तारीख असलेला कागद जपून ठेवावा.