अ‍ॅलन ट्युरिंग : पुराव्याचं वजन करणारा गणितज्ञ

पहाटेच्या धुक्यात एसटी स्टँडवर उभं राहून लांबून येणाऱ्या गाडीची पाटी तुम्ही कधी वाचली आहे का? आधी नुसता पांढरा पट्टा दिसतो. मग एखादी वेलांटी, मग शेवटचं अक्षर, आणि एका क्षणी तुम्ही पिशवी उचलता. गाडी आपलीच! घाई केली तर चुकीच्या गाडीत बसाल, फार वेळ थांबलात तर गाडी निघून जाईल. मग आता पुरे, हे मेंदू कसं ठरवतो? हे समजायला आज आपण एका गणितज्ञाचं चरित्र पाहू. त्यांनी हा हिशोब मांडला होता, पण मेंदूसाठी नव्हे.

अ‍ॅलन ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी, आईचे वडील मद्रास रेल्वेत इंजिनिअर. आईवडील बराच काळ भारतात, आणि अ‍ॅलन व त्याचा मोठा भाऊ इंग्लंडमध्ये एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी, अशी त्यांच्या बालपणाची विभागणी होती. १९३६ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्यांनी संगणकाचा पाया घालणारा निबंध लिहिला. त्याबद्दल तुम्ही वाचलं असेलच, म्हणून पुढे जाऊ.

४ सप्टेंबर १९३९. युद्ध सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ट्युरिंग ब्लेचली पार्कला हजर झाले. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये ब्रिटनकडे जाणारी जहाजं बुडवत होत्या. त्यांचे संदेश एनिग्मा यंत्रातून सांकेतिक होऊन जात. नौदलाच्या एनिग्मात आठांपैकी तीन चक्रं बसवायची, म्हणजे ३३६ प्रकारच्या रचना. त्या सगळ्या यंत्रावर तपासत बसलो तर वेळ हातातून जाणार.

ट्युरिंग यांनी मग एक युक्ती काढली. दोन संदेश लांब कागदांवर भोकं पाडून उतरवायचे आणि एकावर एक सरकवायचे. हे कागद बॅनबरी गावात छापले जात, म्हणून पद्धतीचं नाव पडलं बॅनबरिस्मस. दोन्ही संदेश यंत्राच्या एकाच स्थितीतले असतील, तर साधारण १७ अक्षरांत एकदा तेच अक्षर समोरासमोर येतं. नसतील तर २६ मध्ये एकदा. फरक किती बारीक आहे बघा! एका जुळणीवरून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून त्यांनी प्रत्येक अक्षराला वजन दिलं. अक्षर जुळलं तर सुमारे १.८ गुण मिळवायचे, नाही जुळलं तर सुमारे ०.१ वजा करायचा. या गुणाला डेसिबॅन म्हणत. दहा डेसिबॅन जमले की तुमच्या अंदाजाचं पारडं दहापट जड, वीस जमले की शंभरपट. शक्यतांचा गुणाकार लॉगॅरिदममुळे साध्या बेरजेत बदलतो. (अकरावीत लॉगॅरिदम कशाला, असं विचारता ना? यासाठी.) बेरीज ठरलेल्या रेषेच्या वर गेली की अंदाज स्वीकारायचा, फार खाली गेली की सोडून द्यायचा, मधे असेल तर आणखी अक्षरं बघायची. रेषा खूप खाली ठेवली तर चुकीच्या अंदाजावर यंत्राचे तास वाया जाणार. खूप वर ठेवली तर संदेश उलगडेपर्यंत जहाज बुडालेलं असणार. या कामात जोन क्लार्क ही गणितज्ञ विशेष तरबेज होती.

आता सुमारे साठ वर्षं पुढे चला. मायकेल शॅडलेन आणि त्यांचे सहकारी अमेरिकेत माकडांना पडद्यावर लुकलुकणारे ठिपके दाखवत होते. बहुतेक ठिपके कसेही भरकटतात, थोडे मात्र एका दिशेने जातात. दिशा ओळखून माकडाने त्या बाजूला नजर वळवायची. मेंदूच्या वरच्या-मागच्या भागातल्या काही पेशींचे स्पंद तेव्हा हळूहळू वाढत जातात. दिशा स्पष्ट असेल तर भरभर, धूसर असेल तर रेंगाळत. पण नजर वळण्याच्या क्षणी त्यांची पातळी जवळपास सारखीच असते. म्हणजे बेरीज आणि रेषा! २००२ मध्ये जोशुआ गोल्ड आणि शॅडलेन यांनी एका लेखात याची तुलना थेट बॅनबरिस्मसशी केली. इथे एक सावधगिरी हवी. पुढच्या प्रयोगांत मेंदूचा तो भाग बधिर केला, तरी माकडांचे निर्णय फारसे बिघडले नाहीत. बेरीज तिथे दिसते, पण ती तिथेच होते का, यावर अजून वाद आहे.

ट्युरिंग यांना यातलं काहीच बघायला मिळालं नाही. युद्धातलं काम गुपित होतं, शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. १९५२ मध्ये समलिंगी संबंधांबद्दल त्यांच्यावर खटला झाला. तेव्हा इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता. तुरुंग टाळण्यासाठी त्यांना वर्षभर हार्मोनचे उपचार घ्यावे लागले, आणि सरकारी गुप्त कामाची दारं बंद झाली. राणीची माफी मिळाली ती २०१३ मध्ये. मला विचाराल तर माफी कोणी कुणाची मागायची, हाच प्रश्न आहे.

७ जून १९५४ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी, सायनाइडमुळे त्यांचा मृत्यू झाला. १० जूनला, तीनच दिवसांत, चौकशी अधिकाऱ्याने आत्महत्या असा निष्कर्ष दिला. आईला तो कधीच पटला नाही. घरी रसायनांचे प्रयोग करताना झालेला अपघात, असं ती म्हणत राहिली. पलंगाशेजारी अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं. त्यात सायनाइड होतं का, हे कोणी तपासलंच नाही.