दहा पौंडांचे हस्तलिखित

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने प्रेमकथांविषयी लिहावे, हे काही वाचकांना अस्थानी वाटेल. परंतु ज्या प्रेमकथांत गाव लहान असते, परिचयाची घरे चार-दोनच असतात आणि मनातली गोष्ट ओठांवर यायला तीनशे पाने लागतात, त्यांचा विचार अर्थशास्त्राला वगळून करताच येत नाही. अशा कादंबऱ्यांना वेळ घालविण्याचे साधन मानून बाजूला सारण्याची सुशिक्षितांत प्रथाच आहे. तरीही त्या पिढ्यान्‌पिढ्या का वाचल्या जातात, याचे उत्तर या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेच्या चरित्रात सापडते.

हॅम्पशायर परगण्यातील स्टीव्हन्टन या खेड्यात १६ डिसेंबर १७७५ रोजी तिचा जन्म झाला. वडील तेथील चर्चचे धर्मोपदेशक. अपत्ये आठ, त्यांत मुली दोन. उत्पन्न बेताचे असल्याने वडील घरी विद्यार्थी ठेवून शिकवीत. घरात पुस्तके पुष्कळ होती, पैसा नव्हता. त्या वर्गातील स्त्रीला प्रतिष्ठेने करता येईल असा व्यवसाय त्या काळी जवळजवळ नव्हता. विवाह हीच तिची उपजीविका आणि तेच तिचे निवृत्तिवेतन. विसाव्या वर्षी टॉम लेफ्रॉय या आयरिश तरुणाशी जेनचा स्नेह जुळला. परंतु दोघांपाशीही धन नव्हते, आणि त्याच्या आप्तांनी त्याला लवकरच दूर धाडले.

१८०१ मध्ये वडिलांनी कुटुंब बाथ शहरी नेले. पुढील वर्षीच्या डिसेंबरात हॅरिस बिग-विदर या मोठ्या इस्टेटीच्या वारसाने तिला मागणी घातली. आपल्या भाषेत सांगायचे तर, घरबसल्या स्थळ चालून आले. होकाराने तिचेच नव्हे, तर आईचे व अविवाहित बहिणीचेही वार्धक्य सुरक्षित होणार होते. तिने संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. त्या एका रात्रीची किंमत तिने पुढे अनेक वर्षे मोजली. १८०५ मध्ये वडील वारले. तिघी स्त्रिया मुख्यतः भावांनी दिलेल्या वार्षिक रकमांच्या आधाराने, कधी या घरी तर कधी त्या घरी, दिवस काढू लागल्या. १८०९ मध्ये एका सधन भावाने चॉटन या खेड्यातील घर दिले, तेव्हा कोठे तिला स्थैर्य लाभले.

लेखनाचा व्यवहारही असाच होता. १८०३ मध्ये तिचे एक हस्तलिखित अवघ्या दहा पौंडांना विकले गेले. प्रकाशकाने ते छापलेच नाही. १८०९ मध्ये तिने विचारणा केली, तेव्हा पैसे परत करून ते न्यावे, असे उत्तर आले. ते परत घेणे १८१६ मध्ये जमले. दरम्यान १८११ मध्ये ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ निघाली, तीही लेखिकेच्या नावाविना. १८१३ मधील ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे सर्व हक्क तिने ११० पौंडांना देऊन टाकले.

हे जीवन डोळ्यांपुढे ठेवून तिच्या कथांतील संथपणाकडे पाहावे. पात्रांच्या उत्पन्नाचे आकडे ती निःसंकोचपणे देते. वर्षाला दहा हजार पौंड मिळविणाऱ्या डार्सीला एलिझाबेथ प्रथम नकार देते. तिची सत्तावीस वर्षांची मैत्रीण शार्लट मात्र एका मूर्ख धर्मोपदेशकाला केवळ घर मिळावे म्हणून वरते. जवळजवळ त्याच वयात स्वतः नकार दिलेली ही लेखिका शार्लटला क्षुद्र ठरवीत नाही. तो हिशेब तिला पुरेपूर ठाऊक होता. ‘पर्सुएशन’मधील ॲन तर निर्धन म्हणून नाकारलेल्या पुरुषाला आठ वर्षांनी पुन्हा भेटते.

जेथे निवड एकदाच करावयाची असते आणि चुकीला भरपाई नसते, तेथे विलंब हा भावुकपणा नसून विवेक असतो. या विवेकाला लहान गाव साहाय्य करते. तेथे माणूस नृत्याच्या मेळाव्यात दिसतो, शेजाऱ्याच्या घरी भेटतो, संकटात कसा वागतो तेही कळते. डार्सीविषयीचे एलिझाबेथचे मत पालटण्यास त्याच्या वाड्यातील वृद्ध कारभारणीची साक्षही कारणीभूत होते. मनुष्याविषयीची खरी माहिती अशी कणाकणाने मिळते, आणि वाचकाला ती गोळा करण्यात भाग घेता येतो. या कथांचे आकर्षण आहे ते येथेच.

१८ जुलै १८१७ रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, विंचेस्टर येथे तिचे निधन झाले. हयातीत लेखनातून तिला सातशे पौंडही मिळाले नव्हते. थडग्यावरील शिलालेखात तिच्या कादंबऱ्यांचा उल्लेख नाही. दहा पौंडांचे ते हस्तलिखित ‘नॉर्थँगर ॲबी’ या नावाने तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. बरोबर दोनशे वर्षांनी, २०१७ मध्ये, बँक ऑफ इंग्लंडने तिचे चित्र दहा पौंडांच्याच नोटेवर छापले.

पदवी परीक्षा संपताच अर्ध्या तासाच्या भेटीत जिचे आयुष्य ठरते, अशी मुलगी आपल्याकडे आजही विरळा नाही. ती अशी कादंबरी उशाशी घेऊन झोपते, तेव्हा घरातील वडीलधारे तिला स्वप्नाळू म्हणतात. वस्तुतः ती नायकाची वाट पाहत नसते. विचार करण्यास नायिकेला मिळालेला अवधी आपल्यालाही मिळावा, एवढेच तिचे मागणे असते. ते मान्य करण्यास पालकांना एक पैसाही खर्च येत नाही.