टॉमकाकांच्या कथाकार हॅरिएट बीचर स्टो आणि त्यांचे वाचक

१८५७ साली अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात सॅम्युएल ग्रीन नावाच्या एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या घराची झडती घेण्यात आली. ग्रीन पूर्वी गुलाम होते, पुढे स्वतंत्र झाले होते. त्यांचा मुलगा गुलामीतून निसटून कॅनडाला गेला होता आणि पळणाऱ्या इतर गुलामांनाही ग्रीन वाट दाखवतात, असा मळेवाल्यांना संशय होता. झडतीत कॅनडाचा नकाशा व मुलाची पत्रे मिळाली, पण तेवढ्यावरून गुन्हा शाबीत होईना. मग घरात सापडलेल्या एका कादंबरीवरून त्यांच्यावर खटला भरण्यात आला. ती बाळगल्याबद्दल न्यायालयाने त्यांना दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

ती कादंबरी म्हणजे ‘अंकल टॉम्स केबिन’ आणि तिच्या लेखिका हॅरिएट बीचर स्टो. त्यांच्या चरित्राचा विचार करताना त्यांच्या वाचकांना वगळता येत नाही. या कादंबरीने कोणाला रडवले, कोणाला चिडवले, तर कोणाला तुरुंगात धाडले. ज्यांच्यासाठी ती लिहिली गेली, त्यांच्यापैकी काहींनी लेखिकेलाच खडे बोल सुनावले.

हॅरिएट यांचा जन्म १४ जून १८११ रोजी कनेक्टिकट राज्यातील लिचफील्ड येथे झाला. वडील लायमन बीचर हे प्रॉटेस्टंट पंथाचे नामांकित धर्मोपदेशक होते. हॅरिएट पाच वर्षांच्या असतानाच मातेचे छत्र हरपले. थोरली बहीण कॅथरीन हिने हार्टफर्ड येथे मुलींसाठी शाळा काढली होती. हॅरिएट तेथे शिकल्या आणि पुढे तेथेच शिकवूही लागल्या.

कॅथलिक वाचकांनी येथे एक गोष्ट जाणून घ्यावी. लायमन बीचर हे कॅथलिक ख्रिस्तसभेचे कडवे विरोधक होते. ऑगस्ट १८३४ मध्ये बॉस्टनजवळ चार्ल्सटाउन येथील उर्सुलाइन धर्मभगिनींचे कॉन्व्हेंट जमावाने जाळून टाकले. त्याच सुमारास बॉस्टनमध्ये कॅथलिकांविरुद्ध जी प्रवचने गाजत होती, त्यांत बीचर यांचीही होती. पूर्वग्रह कसा पेटतो आणि धर्माच्या नावाने तो कसा पेटवला जातो, हे हॅरिएट यांच्या घराला परके नव्हते. मात्र पुढे इटलीचा प्रवास घडल्यावर त्यांनी ‘ॲग्नेस ऑफ सोरेंटो’ ही कादंबरी लिहिली आणि तिच्यात कॅथलिक भक्तिजीवनाकडे पुष्कळशा सहानुभूतीने पाहिले.

१८३२ साली लायमन बीचर सिनसिनाटी येथील लेन सेमिनरीचे प्रमुख झाले आणि कुटुंब ओहायो नदीकाठी राहायला आले. नदीच्या या तीरावर ओहायो हे मुक्त राज्य होते, तर पैलतीरावर केंटकी हे गुलामांचे राज्य. जिवाच्या आकांताने नदी ओलांडून आलेल्या माणसांच्या कहाण्या हॅरिएट यांच्या कानी येत. १८३६ साली सेमिनरीतील बायबलचे प्राध्यापक कॅल्विन स्टो यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सात मुले, तुटपुंजे वेतन आणि वारंवारचे आजारपण असा तो संसार होता. घरखर्चाला हातभार म्हणून त्या नियतकालिकांत कथा लिहीत.

१८४९ साली सिनसिनाटीत पटकीची साथ आली. तिने त्यांचा दीड वर्षाचा चार्ली हिरावून नेला. गुलामांच्या बाजारात जिच्या कडेवरचे मूल ओढून विकले जाते, त्या मातेच्या काळजात काय होत असेल, हे आपल्याला या मृत्यूने शिकवले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. कादंबरीचे मूळ या दुःखात आहे.

पुढच्याच वर्षी, १८५० साली, पळून आलेल्या गुलामांसंबंधीचा कठोर कायदा संमत झाला. पळालेल्या गुलामाला पकडून देण्यास उत्तरेकडील नागरिकही बांधील ठरले. आश्रय देणाऱ्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकत होता. पकडलेल्या माणसाला ज्यूरीपुढे दाद मागण्याचा हक्क नव्हता. म्हणजे तहानेल्याला पाणी देणे हाच गुन्हा ठरला. तोवर स्टो कुटुंब मेन राज्यातील ब्रन्सविक येथे आले होते. आता तूच काही लिही, असा आग्रह भावजयीने पत्रातून धरला. १८५१ च्या आरंभी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या उपासनेत बसल्या असताना, चाबकाच्या फटक्यांखाली प्राण सोडणारा आणि मारणाऱ्यांना क्षमा करणारा एक वृद्ध गुलाम आपल्या डोळ्यांसमोर उभा राहिला, असे त्या सांगत. घरी येऊन त्यांनी तो प्रसंग लिहून काढला.

५ जून १८५१ पासून वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल ईरा’ या साप्ताहिकात कथा क्रमशः येऊ लागली. थोड्याच भागांत संपेल असे वाटलेली ही कथा १ एप्रिल १८५२ पर्यंत चालली. एखाद्या आठवड्याला भाग आला नाही की वाचकांची तक्रार येई. कथेतील एलायझा ही गुलाम माता विकल्या गेलेल्या लेकराला कवटाळून ओहायो नदीच्या फुटत्या बर्फावरून धावत सुटते. श्रद्धाळू टॉमकाका मात्र एका हातातून दुसऱ्या हातात विकले जात दक्षिणेकडे लुइझियानातील कापसाच्या मळ्यावर पोहोचतात. तेथे एका दुबळ्या स्त्रीला फटके मारण्याची मालकाची आज्ञा ते नाकारतात. लपलेल्या दोन स्त्रियांचा ठावठिकाणा सांगण्यासही नकार देतात आणि त्यापायी मारले जातात.

२० मार्च १८५२ रोजी कादंबरी पुस्तकरूपाने दोन खंडांत प्रसिद्ध झाली. पहिल्या वर्षात अमेरिकेत सुमारे तीन लाख आणि ब्रिटनमध्ये दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. घरोघरी ती मोठ्याने वाचली जाई. गुलामगिरी हा आपला प्रश्न नव्हे असे मानणारी कितीतरी सामान्य कुटुंबे बालिका ईवाच्या आणि टॉमकाकांच्या मृत्यूने व्याकूळ झाली. ब्रिटन व आयर्लंडमधील पाच लाख साठ हजारांहून अधिक स्त्रियांनी अमेरिकेतील भगिनींना उद्देशून एका आवाहनावर सह्या केल्या. सव्वीस खंडांत बांधलेले ते आवाहन हॅरिएट यांच्याकडे सोपवण्यात आले. पुढे टॉलस्टॉय यांनी कलेविषयीच्या आपल्या ग्रंथात उच्च धार्मिक कलेचे उदाहरण म्हणून या कादंबरीचा उल्लेख केला.

दक्षिणेतील प्रतिसाद नेमका उलट होता. हे सारे असत्य आहे, गुलाम सुखात आहेत, असे सांगणाऱ्या कादंबऱ्यांची रांग लागली. लेखिकेच्या नावे शिव्याशापांची पत्रे येऊ लागली. हॅरिएट यांनी उत्तरादाखल १८५३ साली ‘अ की टू अंकल टॉम्स केबिन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात न्यायालयीन निकाल, राज्यांचे कायदे, साक्षी आणि पळालेल्या गुलामांबाबत मालकांनीच वृत्तपत्रांत दिलेल्या जाहिराती त्यांनी मांडल्या. कल्पनेला नावे ठेवता येत होती, पण मालकांच्या जाहिराती नाकारणे अवघड होते.

मात्र कृष्णवर्णीय वाचकांचा प्रतिसाद एकसारखा नव्हता आणि त्याकडे आपण अधिक लक्ष द्यायला हवे. स्वतः गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी कादंबरीचे मनःपूर्वक स्वागत केले. मार्टिन डिलेनी यांनी मात्र आक्षेप घेतले. कथेच्या अखेरीस जॉर्ज हॅरिसचे कुटुंब आफ्रिकेतील लायबेरियाकडे निघते. ज्या देशात घाम गाळला तेथेच आम्हाला हक्काचे स्थान का नको, हा या शेवटाविषयीचा प्रश्न रास्त होता. हॅरिएट जेकब्ज या गुलामीतून सुटलेल्या स्त्रीची कहाणी स्टो यांच्या कानावर घालण्यात आली, तेव्हा ती आपल्या ‘की’ मध्ये घालण्याचा विचार स्टो यांनी केला. शिवाय तिची अत्यंत खाजगी हकिकत तिच्या परवानगीविना पडताळणीसाठी तिच्या मालकिणीकडे धाडली. जेकब्ज दुखावल्या. त्यांनी आपली कहाणी स्वतःच लिहिली आणि १८६१ साली ती प्रसिद्ध झाली. दया करणाराही नकळत दुसऱ्याचा आवाज हिरावून घेऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे.

पुढे नाटकवाल्यांनी टॉमकाकांचे आणखी हाल केले. मळ्यावर ताठ मानेने मरणाऱ्या टॉमला रंगभूमीवर पुष्कळदा लाचार, हास्यास्पद म्हाताऱ्याचे रूप मिळाले आणि कालांतराने ‘अंकल टॉम’ हे नाव शिवी बनले. १९४९ साली लेखक जेम्स बाल्डविन यांनी एका निबंधात मूळ कादंबरीवरच टीका केली. तिच्या भावविवशतेत माणसाचे खरे, गुंतागुंतीचे रूप हरवते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

आपल्या ख्रिस्तसभेलाही या प्रश्नाला सामोरे जावे लागते. १८३९ साली पोप ग्रेगरी सोळावे यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. पण त्याच्या एकच वर्ष आधी मेरीलँडमधील येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ स्त्रीपुरुष व मुले लुइझियानात विकण्याचा व्यवहार केला होता. त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउन येथील शिक्षणसंस्थेचे कर्ज फेडण्यासाठी वापरला गेला. टॉमकाका काल्पनिक होते, हे २७२ जण हाडामांसाचे होते आणि बाप्तिस्मा घेतलेले कॅथलिकही त्यांच्यात होते. २०१७ साली विद्यापीठाने व येशूसंघाने त्यांच्या वंशजांसमोर जाहीर क्षमायाचना केली.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. त्याच काळात, १८६२ मध्ये, राज्य सोडण्याच्या अटीवर सॅम्युएल ग्रीन यांची सुटका झाली. १ जानेवारी १८६३ रोजी अध्यक्ष लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा निघाला. त्या दिवशी बॉस्टनच्या सभागृहात लोकांनी हॅरिएट यांच्या नावाचा जयघोष केला. पण त्यांचे स्वतःचे घर दुःखमुक्त नव्हते. एक मुलगा १८५७ साली नदीत बुडाला होता. दुसरा गेटिसबर्गच्या लढाईत जखमी झाला, व्यसनात अडकला आणि पुढे कायमचा बेपत्ता झाला. युद्धानंतर हॅरिएट हिवाळ्यात फ्लॉरिडातील मँडरिन येथे राहू लागल्या. तेथे मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या मुलांना शिक्षण मिळावे म्हणून शाळा उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. अखेरच्या वर्षांत त्यांची स्मृती मंदावली. १ जुलै १८९६ रोजी हार्टफर्ड येथे त्यांनी देह ठेवला.

गुलामगिरीविरुद्धच्या या लढ्याचा आदर महाराष्ट्रातही व्यक्त झाला. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला.

कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात हॅरिएट कथा बाजूला ठेवून थेट वाचकांशी बोलतात. मातांना आणि चर्चच्या सभासदांना त्या सांगतात की हळहळ पुरेशी नाही. प्रार्थना करा, पळून आलेल्यांना दार उघडा, त्यांना शिक्षण द्या. लाखो वाचकांनी हे प्रकरण वाचले. त्यांतील कित्येकांनी डोळे पुसून पुस्तक मिटले, तर काहींनी रात्री-अपरात्री दार उघडले. आपल्या घरी राबणारी मोलकरीण, वीटभट्टीवर उचल घेऊन अडकलेले कुटुंब, शेतावरचा आदिवासी मजूर यांच्या बाबतीत आपण कोणत्या वाचकांत मोडतो, याचा विचार आपल्यापैकी प्रत्येकाने करायला हवा.